उत्तरेची वाट: रग्बी लीग आणि वेल्सचे तरुण खेळाडू

इंग्लंडातील धनिकांच्या निवासी शाळांत वाढलेला रग्बीचा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशायर आणि लँकेशायरमधील खाणकामगार, गिरणीकामगार आणि गोदी कामगारांमध्ये रुजला, तेव्हा शनिवारच्या सामन्यासाठी काम सोडून येणाऱ्या खेळाडूची त्या दिवशीची मजुरी कोणी भरून द्यायची, हा प्रश्न उभा राहिला. ही ‘बुडीत मजुरी’ क्लबांना देता यावी, असा ठराव यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी १८९३ मध्ये रग्बी फुटबॉल युनियन या नियामक संस्थेपुढे मांडला आणि तो १३६ विरुद्ध २८२ मतांनी फेटाळला गेला. खेळ हौसेखातरच खेळला पाहिजे, हे तत्त्व ज्यांना खेळासाठी पगार बुडवावा लागत नव्हता त्यांनीच ठरवलेले होते, हे येथे विसरून चालणार नाही.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी वेगळी संघटना स्थापन केली. पुढे ‘रग्बी लीग’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या खेळात १९०६ पासून पंधराऐवजी तेरा खेळाडूंचा संघ आला. उघड मानधनाला १८९८ मध्ये मान्यता मिळाली खरी, परंतु खेळाडूला खेळाबाहेर नियमित नोकरी असलीच पाहिजे, आणि दारूच्या गुत्त्यातील वा बिलियर्ड्सच्या टेबलावरील काम नोकरी म्हणून धरले जाणार नाही, अशी अट त्यासोबत होती. ती १९०५ मध्ये उठली. तरीही बहुतेक खेळाडू त्यानंतर कित्येक दशके आठवडाभर कारखान्यात वा खाणीत राबून शनिवारी मैदानात उतरत राहिले.

जुन्या युनियनचा बहिष्कार मात्र कठोर होता. लीगच्या क्लबाशी करार करणाऱ्याला युनियनचे दार कायमचे बंद होई, त्यामुळे तरुण खेळाडूची पहिली सही हीच त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी आणि न फिरवता येणारी गोष्ट ठरे. दक्षिण वेल्समध्ये, जिथे युनियनचा खेळ खाणकामगारांचाही होता, हा निर्णय विशेष जड जाई, कारण वेल्सच्या लाल जर्सीचे स्वप्न त्या सहीबरोबर संपत असे. तरीही मंदीच्या आणि बेकारीच्या काळात अनेक जण ‘उत्तरेला’ गेले, आणि त्यांना गाठायला येणारे क्लबांचे हेर स्थानिक लोकांचा रोष टाळण्यासाठी लपूनछपून फिरत. गस रिस्मन १९२९ मध्ये सॅलफर्ड क्लबाकडे गेले, तेव्हा ते अवघे सतरा वर्षांचे होते.

या व्यवहाराचे स्वरूप बिली बॉस्टन यांच्या उदाहरणात सर्वांत स्पष्ट दिसते. १९३४ मध्ये कार्डिफच्या टायगर बे या बंदरालगतच्या वस्तीत, सिएरा लिओनहून आलेल्या पित्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. कार्डिफ क्लबाकडून आणि पुढे वेल्सकडून खेळावे, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. त्या क्लबाचे मैदान घरापासून फार दूर नसतानाही तिकडून बोलावणे आले नाही, आणि वेल्सच्या युनियन संघात कृष्णवर्णीय खेळाडू १९८० च्या दशकापर्यंत दिसला नाही, हे लक्षात घेतले तर या मौनाला निव्वळ योगायोग म्हणणे कठीण आहे. सक्तीच्या लष्करी सेवेत सिग्नल्स दलाच्या संघाकडून खेळताना मात्र त्यांचे नाव उत्तरेत पोचले.

मार्च १९५३ मध्ये विगन क्लबाचे पदाधिकारी घरी आले आणि त्यांनी टेबलावर नोटांची चळत मांडली. बॉस्टन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, मुलाला जायचे नाही हे ओळखून, पाहुण्यांना परतवून लावण्याच्या हेतूने आईने तीन हजार पौंड मागितले. पाहुण्यांनी ते कबूल केले आणि दिलेला शब्द मोडता येईना. त्या काळच्या कामगाराच्या कित्येक वर्षांच्या कमाईइतकी ती रक्कम होती. अठरा वर्षांच्या मुलाचे भवितव्य अशा रीतीने स्वयंपाकघरातल्या सौद्यात ठरले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विगनच्या राखीव संघातील त्यांचा पहिला सामना पाहायला आठ हजारांवर लोक जमले. एरवी अशा सामन्याकडे कोणी फारसे फिरकत नसे. पहिल्या संघाकडून जेमतेम सहा सामने झाले असताना १९५४ च्या ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दौऱ्यासाठी ग्रेट ब्रिटनच्या संघात त्यांची निवड झाली. एकोणीस वर्षांच्या या विंगरने, म्हणजे मैदानाच्या कडेने वेगाने धावणाऱ्या खेळाडूने, त्या दौऱ्यात १८ सामन्यांत ३६ ‘ट्राय’ केले. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणे म्हणजे ट्राय. कारकिर्दीच्या अखेरीस त्यांच्या एकूण ट्रायची संख्या ५७१ झाली.

कार्डिफचेच क्लाइव्ह सलिव्हन १९६१ मध्ये याच वाटेने उत्तरेतील हल क्लबाकडे गेले आणि १९७२ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या ग्रेट ब्रिटनचे कर्णधार झाले. युनियनने मानधनावरील बंदी ऑगस्ट १९९५ मध्ये, फुटीला शंभर वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, उठवली. रिस्मन, बॉस्टन आणि सलिव्हन या तिघांचे एकत्रित शिल्प कार्डिफ बे येथे उभे राहायला मात्र २०२३ साल उजाडावे लागले.