संवेदी चेतापेशींचे वर्गीकरण

यवतमाळच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बोटांना रुईचा मऊपणा, वाळलेल्या बोंडाचा ओरखडा आणि उन्हाचा चटका वेगवेगळा जाणवतो. हे संदेश वाहणाऱ्या संवेदी चेतापेशी मात्र पाठीच्या कण्यालगतच्या गुच्छिकांत एकमेकींना खेटून असतात. पूर्वी त्यांची वर्गवारी आकार, तंतूंवरील मायलिनचे आवरण व मोजकी प्रथिने यांवरून होई. ती ढोबळच होती.

स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील पॅट्रिक एर्नफोर्स, स्टेन लिनारसन व सहकाऱ्यांनी उंदराच्या ६२२ चेतापेशी एकेक करून वेगळ्या केल्या. प्रत्येकीतील आरएनए मोजून कोणती जनुके कार्यरत आहेत, हे पाहिले. प्रकार आधी न ठरवता, केवळ जनुकांच्या साम्यावरून गट पाडले असता ११ प्रकार हाती आले. हे संशोधन २०१५ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांपैकी एका प्रकारात इंटरल्युकिन-३१ या दाहजनक प्रथिनाचा ग्राही आढळतो; हा प्रकार खाजेशी निगडित आहे. हाच ग्राही अडवणाऱ्या नेमोलिझुमॅब या औषधाला (त्याचा विकास आधीच सुरू होता) जपानमध्ये २०२२ साली मान्यता मिळाली. स्पर्श बधिर न करता केवळ वेदना शमवणे, हे पुढचे उद्दिष्ट. तथापि मानवी चेतापेशींतील जनुकांची मांडणी उंदराहून बरीच भिन्न असल्याचे नंतर दिसून आले. उंदरांत गुणकारी ठरलेली वेदनाशामके माणसांत अनेकदा निष्प्रभ ठरतात, त्याचे एक कारण येथे असू शकते.