तारघरापासून डाकारपर्यंत

1962 सालच्या मार्च महिन्यात, मध्यरात्रीच्या सुमाराला, डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन ज्युनियर हे दोन अमेरिकी तरुण मेक्सिकोच्या सरहद्दीवरच्या तिहुआना शहरातून मोटारसायकलींवर निघाले. निघण्याआधी त्यांनी तारघरात जाऊन तार केली. तारेवर पडलेली वेळ हाच त्यांच्या प्रस्थानाचा पुरावा होता. पोहोचल्याचा पुरावाही तसाच मिळवायचा होता, बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या दुसऱ्या टोकाकडच्या ला पाझ गावातून. मधलं अंतर सुमारे 950 मैल, म्हणजे दीड हजार किलोमीटरांहून जास्त. सुरुवातीचा डांबरी पट्टा संपला की पुढे खडी, वाळू, कोरडे ओढे आणि निवडुंगाचं रान. या द्वीपकल्पाला उभा छेदणारा पक्का महामार्ग 1973 साली पुरा झाला, तोवर तिथली वाट ज्याची त्यानं शोधायची होती.

या खटाटोपामागे होंडा कंपनी होती. अमेरिकेत होंडाचा बोलबाला तेव्हा छोट्या, शहरी गाड्यांसाठी होता. आपली नवी 250 सीसीची दोन सिलिंडरची सीएल 72 ही गाडी रस्ता सोडूनही टिकते, हे कंपनीला दाखवायचं होतं. विचारणा आधी डेव्हचा थोरला भाऊ बड एकिन्स याच्याकडे झाली. पण बडचं ट्रायम्फ गाड्यांचं दुकान होतं. दुसऱ्या कंपनीची जाहिरात तो कशी करणार? त्यानं धाकट्या भावाचं नाव पुढे केलं. (हाच बड पुढे ‘द ग्रेट एस्केप’ चित्रपटात कुंपणावरून मोटारसायकलची ती प्रसिद्ध उडी मारणारा स्टंटमन.) दोघांच्या सोबतीला एक छोटं विमान होतं. अंधारात मात्र विमानाचा काही उपयोग नव्हता. रात्री वाट चुकली, धुळीनं इंजिनाचा जीव काढला. एकिन्स 40 तासांच्या किंचित आत ला पाझला पोहोचला. रॉबर्टसनची गाडी शेवटी एकाच सिलिंडरवर रखडत त्याच्यामागून आली.

ही शर्यत नव्हती, पण तिची ठिणगी इथेच पडली. पुढची पाच वर्षं हा वेळ मोडण्याचे प्रयत्न होत राहिले. 1967 साली ब्रूस मेयर्स आणि टेड मँगल्स यांनी वाळूत चालणाऱ्या बगीतून हेच अंतर 35 तासांच्या आत कापलं आणि त्याच वर्षी 68 वाहनांची पहिली ‘मेक्सिकन 1000’ शर्यत झाली. मोटारसायकली, बग्या, जीप सगळ्या एकाच वाटेवर. आज जगभर ‘बाहा 1000’ म्हणून ओळखली जाते ती हीच.

रस्ता सोडून मातीत गाडी पळवण्याच्या या खेळाचा इतिहास जिथून चाळावा तिथे आरंभाला अशीच एखादी दुकानात मिळणारी गाडी आणि पोटापाण्याचा दुसरा उद्योग असलेला माणूस भेटतो. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या आल्फ्रेड अँगस स्कॉट यानं 1914 मध्ये आपल्या मोटारसायकल कारखान्यातल्या कामगारांनाच आव्हान दिलं आणि त्यांना माळरान, ओढे, दगडधोंड्यांतून गाड्या न्यायला लावलं. त्यातून सुरू झालेली स्कॉट ट्रायल आजही भरते. दक्षिणेकडच्या कँबर्ली क्लबच्या मंडळींनी तिच्यातला कौशल्याच्या गुणांचा भाग वगळला आणि 29 मार्च 1924 रोजी निव्वळ वेगाची शर्यत भरवली. चिखलातून, चढउतारांवरून जो पहिला येईल तो जिंकणार. मोटोक्रॉसचा उगम या दिवसापाशी मानतात. त्या काळी खास मातीतल्या गाड्या हा प्रकारच नव्हता. आठवडाभर कामावर जायची तीच गाडी, दिवे काढून, शर्यतीत उतरायची.

डाकार रॅलीची गोष्टही याच मुशीतली. 1977 साली आबिदजान ते नीस या रॅलीत तिएरी साबिन हा फ्रेंच स्पर्धक मोटारसायकलसह सहारात भरकटला. जिवावरच्या प्रसंगातून वाचून तो परतला आणि त्यानं ठरवलं, या वाळवंटात इतरांनाही आणायचं. 26 डिसेंबर 1978 रोजी पॅरिसच्या त्रोकादेरो चौकातून 182 वाहनं निघाली. 10 हजार किलोमीटरांवर, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर डाकार. तिथवर 74 पोहोचली. मोटारी आणि मोटारसायकलींची क्रमवारी तेव्हा एकच होती आणि तीत पहिला आला सिरिल नव्हू, वय 22, गाडी यामाहा एक्सटी 500. एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, किक मारून सुरू होणारी, शोरूममध्ये मिळणारी गाडी. मोटारी मागे पडल्या.

अशा रॅलीत नवख्या माणसाला सर्वांत आधी शिकावं लागतं ते वाचायला. हँडलवर पेटीत गुंडाळी केलेला कागद असायचा, त्याला म्हणतात रोडबुक. प्रत्येक चौकोनात किती किलोमीटरवर काय, याचा आकडा, वाटेची बाणासारखी छोटी आकृती आणि होकायंत्राची दिशा अंशांत. उद्गारचिन्हं जितकी जास्त, तितका धोका मोठा. तीन म्हणजे गाडी जवळपास थांबवूनच पुढे जायचं. वर्षानुवर्षं स्वार संध्याकाळी तंबूत बसून हा कागद रंगीत पेनांनी रंगवत: धोका एका रंगात, दिशा दुसऱ्या. दुसऱ्या दिवशी ताशी शंभरच्या वेगात उभं राहून गाडी हाकताना एका नजरेत उमगावं म्हणून. आता रोडबुक सकाळी निघण्याच्या तोंडावर हाती पडतं, कागदाची जागा पडद्यानं घेतली आहे. कौशल्य तेच. मोटोक्रॉसच्या मैदानात तयार झालेले वेगवान स्वार इथे वाट चुकून तासन् तास गमावतात, ते याच परीक्षेत.

हळूहळू कारखान्यांचे संघ आले, गाड्या खास बनू लागल्या. ऑस्ट्रियाच्या केटीएमनं 2001 ते 2019 या काळात झालेली प्रत्येक डाकार मोटारसायकल गटात जिंकली. 2007 मध्ये याच केटीएममध्ये पुण्याच्या बजाज ऑटोनं भागीदारी घेतली आणि पुढे ड्यूक गाड्या चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या. तरीही डाकारनं हौशी माणसाची जागा मोडीत काढलेली नाही. तिच्यात मेकॅनिकविना धावणाऱ्यांचा वेगळा गट आहे. सामानासाठी एक पेटी, सुटी चाकं, टायर आणि तंबू, एवढंच आयोजक वाहून नेतात. दिवसभर गाडी चालवायची आणि रात्री तेल बदलण्यापासून साखळी ताणण्यापर्यंत सगळं स्वतः करायचं.

भारतात ही वाट हिमालयातून सुरू झाली. 1999 मध्ये शिमल्याहून रेड दे हिमालय निघाली आणि बर्फाळ खिंडींत भारतीय स्वारांनी लांब पल्ल्याच्या रॅलीची चव घेतली. पुढे राजस्थानात डेझर्ट स्टॉर्म आली. बंगळुरूचा सी. एस. संतोष मोटोक्रॉसमधून या प्रकारात शिरला. 2013 मध्ये अबू धाबीच्या वाळवंटात त्याच्या गाडीनं पेट घेतला, त्याला भाजलं. दोनच वर्षांनी, 2015 मध्ये, डाकार पूर्ण करणारा तो पहिला भारतीय ठरला. क्रमांक 36वा. मग त्यानं कोलारजवळ माती-दगडांत गाडी चालवायला शिकवणारं केंद्र उभारलं. 2019 मध्ये बंगळुरूच्याच ऐश्वर्या पिसेनं बाहा शर्यतींच्या विश्वचषकात महिलांचं विजेतेपद मिळवलं. 2021 च्या डाकारमध्ये आशिष रावराणे कुठल्याही कंपनीच्या संघात नसताना, खासगी स्पर्धक म्हणून उतरला.

पूर्वी भारतीय होतकरूपुढे गाडीचाच प्रश्न होता. 2011 मध्ये हिरोची 150 सीसीची इम्पल्स आली, 2016 मध्ये रॉयल एन्फिल्डची हिमालयन, 2019 मध्ये हिरोचीच एक्सपल्स 200. रोज कामावर न्यायची आणि रविवारी मातीत घालायची, अशा या गाड्या. त्यापुढच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: राष्ट्रीय मोटारस्पोर्ट महासंघाचा परवाना, जवळपासच्या मातीच्या शर्यती, मग अनेक दिवसांची रॅली. डाकारचा अर्ज भरणाऱ्या नव्या स्वारानं आधी मान्यताप्राप्त रॅली पूर्ण केलेली असावी लागते.

केरळचा हरिथ नोआ 2020 मध्ये पहिल्यांदा डाकारला गेला, 2021 मध्ये 20वा आला. 2023 मध्ये सुरुवातीलाच पडून जायबंदी झाला. 2024 मध्ये, आता आफ्रिकेऐवजी सौदी अरेबियात भरणाऱ्या या रॅलीत, तो पुन्हा उभा राहिला, एकंदर 11वा आला आणि रॅली-2 गट त्यानं जिंकला. हा गट वरच्या श्रेणीतल्या मातब्बरांना वगळून बाकीच्या स्वारांसाठी आहे. डाकारमध्ये मोटारसायकलवर तोवर एवढी मजल कुणा भारतीयानं मारली नव्हती.