कसोटीचा कागद

गेल्या महिन्यात पौडच्या बाजारात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता तो मुळशी तालुक्यातल्याच एका वाडीवर प्राथमिक शिक्षक आहे. चहा सांगून झाल्यावर त्याने पिशवीतून कागदांची एक चळत काढली. चांगली बारा पानं, कोपऱ्यात टाचलेली, मराठीत छापलेली. त्याच्या चुलतीला मधुमेह आहे. ती ज्या दवाखान्यात जाते तिथे एका नव्या गोळीची कसोटी चालली आहे, आणि तिने त्यात भाग घ्यावा की नाही हे घरी विचारून यावं म्हणून तिला ती पानं दिली होती. "सर, मी दोनदा वाचली," तो म्हणाला, "मला निम्मी समजली. आणि चुलती एवढंच विचारते, की यावर अंगठा दिला तर जमीन जाईल का?"

शेजारच्या बाकावरचे दोघे हसले. मला काही हसू आलं नाही. मुळशीच्या माणसाने छापील कागदाला भ्यावं यात वेडगळपणा नाही, इतिहास आहे. ज्या धरणाचं पाणी आज आपण ताम्हिणीच्या वाटेवरून पाहतो, त्याखाली मावळ्यांची गावं आहेत. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली ती जमीन टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी घेण्यात आली. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिल रोजी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी त्यात तुरुंगवास भोगला. आणि तरीही धरण झालंच. ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्या दृष्टीने काय घडलं? एक कागद आला, आणि शेत गेलं. त्या पिढीची नातवंडं-पतवंडं कागदावर अंगठा उमटवताना विचार करतात, तो करूच देत.

पण औषधाच्या कसोटीतला कागद ही वेगळी जात आहे, आणि तिचाही इतिहास आपल्या दारातच सुरू होतो. तो त्या शिक्षकाला सांगायला चहाचे दोन पेले पुरले नाहीत, म्हणून इथे मांडतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग असल्याचं निश्चित झालं. ऑक्टोबरात तिथे वॉल्डेमार हाफकिन आले. जन्माने ओडेसाचे, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले, आणि हिंदुस्थानात पटकीची लस टोचत फिरलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली. पुढच्या काही दिवसांत लस घेतलेल्या १४७ जणांपैकी दोघे आजारी पडले, दगावला कोणी नाही. न घेतलेल्या १७२ जणांपैकी बारा आजारी पडले, त्यांतले सहा गेले.

मग प्लेग घाट चढून आला. मुळशीच्या उत्तरेला डोंगरापलीकडे लोणावळे. तिथल्या एका वस्तीत ३२३ माणसांनी लस घेतली, ३७७ जणांनी घेतली नाही. घेतलेल्यांत सात मृत्यू. न घेतलेल्यांत सत्तावन्न. खडकीला तोफखान्याच्या नोकरचाकरांच्या वस्तीत घेतलेले ६७१, मृत्यू १७. न घेतलेले ८५९, मृत्यू ९८.

आकडे वाचून तुम्ही म्हणाल, झालं की सिद्ध! जरा थांबा. गणित शिकवणाऱ्या मास्तरांनी इथेच वर्गाला एक प्रश्न घालावा. लस घेतली कोणी? जो धीट, जो धडधाकट, ज्याचं घर जरा हवेशीर, ज्याचा साहेबाच्या बोलण्यावर विश्वास, तो पुढे आला असेल. मग तो वाचला तो लसीमुळे, की मुळातच बऱ्या स्थितीत होता म्हणून? हाफकिनना ही शंका माहीत होती. तिला त्यांनी उत्तर दिलं ते १८९८ च्या फेब्रुवारीत, गायकवाडांच्या बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावी. आणि ते उत्तर सुईत नव्हतं, यादीत होतं. टोचायला सुरुवात करण्यापूर्वी घरोघरच्या माणसांची मोजदाद केली. मग प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्यांना टोचलं, निम्म्यांना नाही. एकच छप्पर, एकच चूल, एकच उंदीर. प्लेग आलेल्या अठ्ठावीस घरांत टोचलेले ७१ होते, त्यांतले तीन गेले. न टोचलेले ६४ होते, त्यांतले सव्वीस गेले.

यातली खुबी ध्यानात घ्या. यादी आधी, सुई नंतर. मरण आल्यावर यादी केली असती तर मनाला हवी तशी नावं इकडची तिकडे झाली असती. आधी लिहिलेला कागद तसं होऊ देत नाही. औषधाच्या कसोटीत कागदाची पहिली किंमत ही आहे: तो माणसाच्या आशेला आणि लबाडीला, दोहोंना लगाम घालतो.

त्या न टोचलेल्या चौसष्टांचं काय, त्यांना कोणी काय सांगितलं होतं, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. त्याकडे येतोच. आधी एका बाटलीची गोष्ट.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव, आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी तिथे लस टोचलेल्यांपैकी एकोणीस जणांना पुढे धनुर्वात झाला आणि ते सर्व मेले. केवढा हाहाकार! पण बाटल्यांवर क्रमांक होते, आणि कोणाला कुठल्या बाटलीतून टोचलं याचा माग लागत होता. एकोणीसच्या एकोणीस जण '५३-एन' या एकाच बाटलीतले निघाले. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नाही. तरी सरकारी चौकशीने ठपका ठेवला तो परळच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनवर, आणि त्यांचं काम गेलं. पुढे चौकशीतले जबाब छापून बाहेर आले, तेव्हा इतर शास्त्रज्ञांना ते वाचता आले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, असं त्यांत होतं. १९०७ साली रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हा अन्याय वेशीवर टांगला, आणि हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात कामावर आले. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. तीच आजची हाफकिन संस्था. बाटलीवर क्रमांक नसता आणि जबाब दप्तरातच राहिले असते, तर त्या एकोणीस मृत्यूंचा अर्थ कोणालाच लागला नसता. लस वाईट, एवढीच बोंब उरली असती.

आता ती बाजू, जिच्याकडे येतो म्हणालो होतो. हे सगळे कागद कोणासाठी होते? डॉक्टरांसाठी, सरकारसाठी. ज्याच्या दंडात सुई जायची त्याच्या हाती काही नव्हतं. १८९७ साली पुण्यात रँडच्या माणसांनी घरं उघडी पाडून झडत्या घेतल्या, लोकांना छावण्यांत नेलं. त्या दिवसांत लोकांना फर्मानं पुष्कळ मिळाली, समजूत फारच थोडी. अशा हवेत सुईबद्दल अफवा उठल्या तर नवल ते काय?

आणि हे इथेच होत होतं असं समजू नका. १९४८ साली विलायतेत क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची नामांकित कसोटी प्रसिद्ध झाली. १०७ रोगी. कोणाला औषध द्यायचं हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर आधीच ठरलेलं. रोगी कसोटीसाठी स्वीकारल्यावर पाकीट फोडायचं, म्हणजे डॉक्टरच्या मर्जीला वावच नाही. सहा महिन्यांत औषधवाल्या ५५ पैकी चौघे मेले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी चौदा. नमुनेदार काम! पण आपण एका कसोटीत आहोत, हे नुसत्या विश्रांतीवरच्या रोग्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्गला संमतीचं तत्त्व मांडलं गेलं होतं, तरीही ही गत. जागतिक वैद्यकीय संघटनेचा हेलसिंकीचा जाहीरनामा १९६४ चा. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नीतिनियमांचं पहिलं निवेदन काढलं ते १९८० साली. मोजण्याचा कागद आणि सांगण्याचा कागद यांच्यात एवढं अंतर पडलं.

मोजण्याचा कागद खेड्यातल्या माणसाच्या हाती आला तर काय होतं, हे पाहायला गडचिरोलीला जावं लागेल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ पासून तिथे नवजात बालकांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. ३९ गावांत काम, आणि तुलनेसाठी ४७ गावं वेगळी. या ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या गावच्याच बायका निवडल्या. बाळ जन्मलं की ठरल्या दिवशी घरी जायचं, वजन करायचं, ताप पाहायचा, श्वास मोजायचे आणि नेमून दिलेल्या तक्त्यात भरायचे. गाव सोडून कधी परीक्षेला न बसलेल्या बाईने मिनिटाला श्वास किती हे लिहावं, आणि डॉक्टरांनी मागाहून येऊन ते पडताळावं! पहिल्या वर्षीच्या नोंदींतूनच दिसलं की निम्म्याहून जास्त बाळांना उपचाराची गरज होती, आणि तो मिळाला होता शंभरांत तिघांनाही नाही. मग त्याच बायकांनी घरीच उपचार सुरू केले. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांत हजार जन्मांमागे सुमारे साठ बाळं पहिल्या महिन्यात जात होती, तर या गावांत सुमारे पंचवीस. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय पत्रात हे छापून आलं. शिक्षकांनी हे वर्गात जरूर सांगावं. तक्ता भरणं म्हणजे कारकुनी असं आपण म्हणतो. इथे भरलेल्या रकान्यामागे एकेक बाळ होतं.

सांगण्याचा कागद मात्र नुसता छापून भागत नाही. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस मुलींना देण्याचा एक अभ्यास झाला. संमतीचे अर्ज छापलेले होते, भरलेलेही होते. २०१० च्या एप्रिलमध्ये तो थांबवावा लागला. संसदेच्या समितीने २०१३ साली दिलेल्या अहवालात आंध्रच्या ९,५४३ अर्जांचा हिशेब आहे: १,९४८ अर्जांवर नुसते अंगठे, आणि २,७६३ अर्जांवर आई-बापाच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या. अभ्यासातल्या सात मुलींचे मृत्यू लसीमुळे झाल्याचं चौकशीत आढळलं नाही, हे इथे सांगितलंच पाहिजे. पण आश्रमशाळेतल्या पोरीच्या बापाला विचारलं नाही ते नाहीच. मला याची चीड अधिक येते, कारण त्यांतल्या काही सह्या आमच्याच पेशातल्या माणसांनी ठोकल्या असतील.

आता नियम पुष्कळ पक्के झाले आहेत. २००९ पासून औषधांच्या कसोट्या सुरू करण्यापूर्वी सार्वजनिक नोंदवहीत नोंदवाव्या लागतात. म्हणजे उंढेऱ्याचंच तत्त्व, यादी आधी, सुई नंतर. २०१९ च्या नियमांप्रमाणे माहितीपत्रक माणसाला समजेल अशा भाषेत हवं, त्याची प्रत त्याच्याकडे राहिली पाहिजे, केव्हाही बाहेर पडण्याची मुभा हवी, इजा झाली तर उपचार आणि भरपाई हवी. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी कसोटीशी संबंध नसलेला साक्षीदार सगळं बोलणं होईपर्यंत हजर हवा. गावात असा माणूस कोण? बहुतेक वेळा शाळेतले गुरुजी किंवा बाई. म्हणून हे सगळं तुमच्यापुढे बोलतो आहे.

तर ती बारा पानं. मी ती वाचली. नियमाला धरून होती, आणि तरी तो शिक्षक म्हणाला ते खरंच होतं. 'यादृच्छिक विभागणी', 'नियंत्रण गट', 'प्रतिकूल घटना'. अहो, मराठीचा प्राध्यापकही अडखळावा! आम्ही दोघांनी तिथेच समासात पेन्सिलीने लिहिलं: चिठ्ठी टाकून वाटणी; नवी गोळी न मिळणारे; औषधाने झालेला त्रास.

परवा त्याचा फोन आला. त्याने चुलतीला ती पानं दोन संध्याकाळी बसून वाचून दाखवली, आणि उंढेऱ्याच्या निम्म्या घराची गोष्टही सांगितली. जमिनीचा प्रश्न पहिल्याच पानावर मिटला. मग तिने विचारलं, "अन् माझ्या चिठ्ठीत नुसती पिठाची गोळी निघाली तर?" सातव्या पानावर उत्तर होतं: कुठल्याही गटात असलं तरी आधीचं औषध चालूच राहील. त्यावर ती बराच वेळ गप्प होती म्हणे. अंगठा तिने अजून दिलेला नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न तिने त्याच्याकडून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतले आहेत, आणि पानं सातबाऱ्याच्या उताऱ्यांशेजारी ट्रंकेत ठेवली आहेत.