सव्वादोन हेक्टरांची रेघ

मुरबाड तालुक्यातल्या धसईकडे पहिला दमदार पाऊस झाला की ओहोळांतून वलगणीचे मासे चढू लागतात. प्रवाहाविरुद्ध उसळ्या मारत ते भातखाचरांत शिरतात आणि तिथल्या उथळ पाण्यात अंडी घालतात. रात्री बत्त्या घेऊन माणसं बांधाबांधाने फिरतात. माशांसाठी ही खाचरं, डबकी, गावतळी सारी एकच पाणथळ असते. देशाच्या नकाशात मात्र यातलं बहुतेक पाणी हद्द मिळण्याइतकं मोठं ठरलं नाही. ती मर्यादा कुठून आली, हे सांगायला हवं.

पाणथळींच्या रक्षणाचा करार १९७१ साली इराणमधल्या रामसरला झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेने पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. डोळ्यांना न दिसणारे जवळचे अवरक्त किरण पाणी जवळजवळ गिळून टाकतं, हिरवी पानं ते परत फेकतात. म्हणून अवरक्त चित्रात तळं काळंभोर उमटतं. हिरव्या आणि अवरक्त प्रकाशातल्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून पाणी ओळखायचं सूत्र मॅकफीटर्स यांनी १९९६ साली मांडलं. ते आजही वापरात आहे.

भारताने आयआरएस-१ए हा उपग्रह १९८८ साली सोडला. त्या मालिकेच्या १९९२-९३च्या चित्रांवरून अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने देशातल्या पाणथळींची पहिली मोजणी केली. नकाशाचं प्रमाण होतं १:२,५०,०००. कागदावर तीन मिलिमीटरांहून लहान चौकोन नीट रेखाटता येत नाही, हा नकाशाकारांचा हिशेब. त्या प्रमाणात तीन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ७५० मीटर. साहजिकच ५६ हेक्टरांखालचं पाणी सुटलं. पुढे रिसोर्ससॅट-१च्या २००६-०७च्या चित्रांवरून १:५०,०००चा ॲटलास तयार झाला आणि २०११ साली प्रसिद्ध झाला. इथे तेच तीन मिलिमीटर म्हणजे १५० मीटर, चौकोन २.२५ हेक्टरांचा. साडेपाच एकर! २,०१,५०३ पाणथळींना हद्दी मिळाल्या, ५,५५,५५७ नुसते ठिपके झाले.

काम प्रचंड होतं आणि चोख झालं, याबद्दल शंका नाही. बारवी, भातसा, तानसा यांचे जलाशय त्यात स्वच्छ दिसतात. पण फेब्रुवारी २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षणाचा आदेश दिला तो त्या २,०१,५०३ पाणथळींसाठी. नकाशाची सोय म्हणून आखलेली रेघ अशी कायद्यात उतरली. त्याच वर्षीच्या पाणथळ नियमांनी भातशेती पाणथळीच्या व्याख्येतूनच वगळली. खाचरावर संरक्षणाचे निर्बंध घातले तर शेतकऱ्याने पोट कसं भरायचं, हा प्रश्न मला पटतो. पण दोन एकरांच्या गावतळ्याला निव्वळ आकारापायी वगळणं पटत नाही.

दुसरी अडचण ढगांची. ॲटलासची चित्रं पावसाळ्याआधीची आणि नंतरची. वलगणीच्या दिवसांत सह्याद्रीखालचा हा पट्टा साध्या प्रकाशावर चालणाऱ्या उपग्रहाला दिसतच नाही. रडारला ढगांची अडचण नाही. भारताचा रिसॅट-१ (२०१२) आणि युरोपचा सेंटिनेल-१ (२०१४) पावसातही पाणी टिपू शकले. शांत पाणी रडारचे किरण पलीकडे परावर्तित करतं, म्हणून चित्रात गडद दिसतं. आणि साध्या प्रकाशावर चालणाऱ्या सेंटिनेल-२च्या चित्रातला एक चौकोनही दहा मीटरांचाच आहे, एक एकर तळ्यात तसे चाळीस मावतात. म्हणजे साडेपाच एकरांची मर्यादा आता यंत्राची राहिलेली नाही. धसईच्या आसपासच्या तळ्यांना हद्दी द्यायच्या, तर ही चित्रं गावोगावी नेऊन, वलगण कुठून चढते हे जाणणाऱ्या कातकरी आणि ठाकर माणसांसोबत बांधावर तपासावी लागतील.