वीस-पन्नास आलं कुठून? इंजिन ऑइलच्या डब्यावरचा इतिहास

तुमच्याकडून सगळ्यात जास्त मेसेज येतात ते एका साध्या प्रश्नाचे: गाडीत ऑइल कुठलं टाकू? हा तर इतिहासाचा पॉडकास्ट, मग हे इथे का? कारण या प्रश्नाचं उत्तर इतिहासातच आहे.

माझ्या टर्बो पेट्रोल गाडीच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलंय. गॅरेजवाले दादा म्हणाले, "साहेब, आपल्याकडे ऊन केवढं! वीस-पन्नास टाका. जाड तेल, इंजिन दणकट." हा सल्ला काही हवेतून आलेला नाही. तो एका वेगळ्या काळातल्या इंजिनासाठी अगदी बरोबर होता. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर लेगसी कोड. कधीतरी कुणीतरी नीट विचार करून लिहिलेला, पण आता तो का लिहिला हे कुणालाच आठवत नाही.

सुरुवातीला हा सगळा अंदाजाचा मामला होता. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये फिल्टर सोडाच, ऑइल पंपसुद्धा नव्हता. फ्लायव्हील फिरताना जे तेल उडेल त्यावर इंजिनाचं भागायचं. त्या काळात एरंडेलही वापरात होतं. हो, तेच, आजी पोट साफ करायला द्यायची ते! कॅस्ट्रॉल हे नावच मुळी त्यावरून आलंय. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची रोटरी इंजिनं एरंडेलावर चालायची, आणि धुरातून ते पोटात जाऊन पायलटांचे हाल व्हायचे असं सांगतात. पण एरंडेल पडून राहिलं की चिकट होतं, त्यामुळे रस्त्यावरच्या गाड्यांत खनिज तेलच टिकलं.

पण 'जाड' म्हणजे किती जाड? अमेरिकेतल्या एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने १९११ मध्ये तेलाच्या दाटपणाला आकडे दिले. पुढे १९५० च्या सुमारास त्यात 'डब्ल्यू' आला, विंटरचा. आपल्याकडे मोठा घोळ होतो तो इथेच. वीस-पन्नास म्हणजे वीस ते पन्नास अंश तापमानात चालणारं तेल, असं कित्येक लोक छातीठोकपणे सांगतात. तसं अजिबात नाही. पहिला आकडा थंड इंजिन सुरू होतानाचा. २०डब्ल्यूची चाचणी उणे १५ अंशांवर होते, ०डब्ल्यूची उणे ३५ वर. दुसरा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा. तिथे ५० नंबरचं तेल २० नंबरच्या जवळपास दुप्पट दाट असतं. आणि चंद्रपूरला बाहेर ४५ अंश असले तरी चालत्या इंजिनातलं तेल शंभराच्या आसपासच काम करतं, कारण तिथलं तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटर सांभाळतात. त्यामुळे उन्हाचा मुद्दा वाटतो तेवढा मोठा नाही.

मग वीस-पन्नास गाजलं कशामुळे? त्याचं एक मोठं कारण म्हणजे ब्रिटनची मिनी. १९५९ मध्ये आलेल्या या छोट्या गाडीत जागा वाचवायला इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलात बसवले होते. मल्टिग्रेड तेलात पॉलिमरच्या लांब साखळ्या असतात. त्या थंडीत आखडतात आणि गरम झाल्या की पसरतात, म्हणून तेल तापल्यावर फार पातळ होत नाही. मिनीच्या गिअरचे दाते या साखळ्या अक्षरशः चिरडायचे. त्यावर तोडगा म्हणून डकहॅम्स कंपनीचं २०-५० आलं आणि तुफान चाललं.

आपल्याकडे तेव्हा अँबॅसेडर आणि कुर्ल्यात बनणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी. दोन्हींची इंजिनं जुन्या बनावटीची, फटी मोठ्या, झीज झाली की तेल पिणारी. अशा इंजिनात जाड तेल हवंच. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, पण तिच्यावर हात बसलेल्या मेकॅनिकांची सवय अजून चालू आहे.

आजच्या इंजिनात फटी बारीक असतात. शिवाय तेल फक्त वंगणाचं काम करत नाही. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणाही त्याच्याच दाबावर हलते, टर्बोचं बेअरिंगही त्यावरच जगतं. वीस-पन्नास घातलं म्हणून इंजिन उद्याच बसणार नाही. पण सकाळी तेल वरपर्यंत उशिरा पोचेल, मायलेज घटेल, आणि काही बिघडलं तर वॉरंटीचा वाद ठरलेला. उलट जुन्या पद्मिनीत ०डब्ल्यू-२० घालणं हाही वेडेपणाच.

डब्यावर एपीआयची अक्षरंही बघा. एसए हे सगळ्यात जुनं, १९३० नंतरच्या इंजिनांना चालत नाही. २०२० मध्ये एसपी आलं, तेही छोट्या टर्बो इंजिनांमध्ये वेळेआधी होणारा स्फोट रोखायला. पेट्रोलसाठी नवं अक्षर बहुतेक वेळा जुन्याच्या जागी चालतं. डिझेलमध्ये मात्र असं गृहीत धरू नका. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यातला पार्टिक्युलेट फिल्टर चुकीच्या तेलाच्या राखेने तुंबतो, आणि तो बदलायचा खर्च ऐकून घाम फुटेल.

आता ऑइल फिल्टर. अर्नेस्ट स्वीटलँड यांनी १९२३ मध्ये प्युरोलेटर आणला. नाव 'प्युअर ऑइल लेटर'वरून. पुढच्याच वर्षी क्रायसलरच्या गाडीत तो आला. सुरुवातीचे फिल्टर थोडंच तेल गाळायचे, बाकीचं तसंच फिरायचं. नंतर सगळं तेल गाळणारे आले, आणि १९५४ मध्ये विक्सने हाताने फिरवून लावायचा डबा आणला. या डब्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक बायपास व्हॉल्व्ह: फिल्टर तुंबला तर तो उघडतो, कारण अजिबात तेल नसण्यापेक्षा घाण तेल परवडलं. दुसरी रबराची झडप, जी गाडी बंद असताना तेल मागे ओघळू देत नाही. नकली फिल्टर बाहेरून डिट्टो असतो, आट्यांवरही बसतो, पण आतली झडप कशी आहे ते तुम्हाला दिसत नाही. सकाळी इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली, तर आधी तिच्यावर संशय घ्या. म्हणून आटे जुळले एवढ्यावर जाऊ नका, पार्ट नंबर जुळवा आणि बिल घ्या.

आणि हो, ऑइल काळं पडलं म्हणजे संपलं असं नाही. काजळी धरून ठेवणं हे त्यातल्या डिटर्जंटचं कामच आहे. डिझेलमध्ये तर ते नवं टाकल्यावर लगेचच काळं होतं. बदलायचं कधी, ते मॅन्युअलमधल्या किलोमीटर आणि महिन्यांवर ठरवा, यातलं जे आधी येईल त्यावर.

पुढच्या भागात कूलंट. भेटूच!