'लांब' म्हणजे किती लांब?

'लांब' हे विशेषण आपण अंतरालाही लावतो आणि काळालाही. खोपोली लांब आहे म्हणतो, तसंच दिवाळी अजून लांब आहे असंही म्हणतो. पाऊस लांबतो, लग्न लांबतं. यात भाषेचा गोंधळ नाही. पूर्वी वाट वेळेनेच मोजायचे. 'मजल' म्हणजे एका दिवसाची चाल. मजल दरमजल करत जाणाऱ्याला गाव किती कोसांवर, यापेक्षा किती मुक्कामांवर, हे आधी कळायला हवं असे.

मग रेल्वे आली. १८५६ साली गाडी खोपोलीपर्यंत पोचली. १८५८ साली घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे सुरू झाली. मधे उरला बोरघाट. तो १८३० साली खुल्या झालेल्या रस्त्याने चढायचा, पालखीतून, नाहीतर तट्टावरून. नकाशात खोपोली-खंडाळा अगदी शेजारी. पण प्रवाशाला हाच तुकडा लांब वाटत असणार! १८६३ साली कर्जतच्या बाजूने घाटातली रेल्वे सुरू झाली आणि पुणं 'जवळ' आलं. त्यासाठी हजारो मजुरांचे जीव गेले, हेही विसरू नये.

पण जवळ आलं ते कोणाला? खालापूर तालुक्यात, चौकच्या वर, इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडी होती. ठाकर समाजाची वस्ती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग याच तालुक्यातून जातो. १९ जुलै २०२३ च्या रात्री वाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता. मदतीला जाणारे भर पावसात, चिखलातून, पायी चढले. मोठी यंत्रं वर नेता आली नाहीत. माणसांनी कुदळ-फावड्यांनी माती उपसली.

सरकारी कागदात अशा जागेला 'दुर्गम' म्हणतात, म्हणजे जिथे पोचणं अवघड. हा शब्द दोष डोंगरावर टाकतो. 'लांब' हा आपला साधा शब्द त्यापेक्षा प्रामाणिक आहे, कारण तो लगेच विचारायला लावतो: कोणापासून लांब? आणि कसं जायचं, पायी की गाडीने? सह्याद्रीवर ट्रेकला निघालेल्याला अशी वाडी जवळच असते. वाडीतल्या बाळंतिणीला दवाखाना लांब असतो. डोंगर तोच, वाटही तीच.

म्हणून जुन्या कागदात 'लांब' दिसलं, की आधी चालणारा कोण ते शोधा. कोस मागाहून मोजा.