स्त्रियांचे श्रोणितलाचे विकार : शस्त्रक्रियेआधी भौतिकोपचार

खोकताना, शिंकताना किंवा पाण्याची घागर उचलताना नकळत लघवी होणे, ओटीपोटात जडपणा वाटणे, अंग बाहेर येणे या तक्रारी बाळंतपणानंतर आणि उतारवयात अनेक स्त्रियांना जाणवतात. ‘मुले झाली की असे व्हायचेच’ ही समजूत रूढ असल्याने आणि विषय संकोचाचा असल्याने त्यांची वाच्यता क्वचितच होते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र ही वाढत्या वयाची अटळ लक्षणे नव्हेत. ते श्रोणितलाचे विकार असून, त्यांपैकी अनेकांवर भौतिकोपचार, म्हणजेच फिजिओथेरपी, हा पहिला उपाय मानला जातो.

श्रोणितलाची रचना आणि कार्य

कमरेच्या हाडांच्या कड्याच्या तळाशी, पुढील जघनास्थीपासून मागील माकडहाडापर्यंत, स्नायू आणि तंतुमय ऊती यांचा झोळीसारखा पडदा असतो. त्यास श्रोणितल असे म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तो खालून आधार देतो. खोकल्यामुळे अथवा ओझे उचलल्यामुळे पोटातील दाब एकाएकी वाढला की हे स्नायू आकुंचन पावतात आणि मूत्रमार्ग बंद राहण्यास मदत होते. लघवी व शौचाच्या वेळी ते सैल पडतात. आकुंचन आणि शिथिलता या दोन्ही क्रिया योग्य वेळी होणे हे निरोगी श्रोणितलाचे लक्षण होय.

योनीमार्गे होणाऱ्या प्रसूतीत हे स्नायू मोठ्या प्रमाणावर ताणले जातात. प्रसूती लांबल्यास, बाळ वजनाने मोठे असल्यास किंवा चिमट्याचा वापर करावा लागल्यास इजा होण्याचा संभव वाढतो. गर्भारपणाचा भार नऊ महिने पडत असल्याने सिझेरियन झालेल्या स्त्रियाही या विकारांपासून पूर्णपणे मुक्त नसतात. जुनाट खोकला, दीर्घकाळचे बद्धकोष्ठ, स्थूलपणा, नित्य जड ओझी उचलणे आणि रजोनिवृत्तीनंतर घटणारे इस्ट्रोजेन ही अन्य कारणे होत.

विकारांचे प्रकार

दाब वाढताच लघवी गळत असेल तर तिला ताणजन्य मूत्रगळती म्हणतात. लघवीची तीव्र भावना एकाएकी होऊन स्वच्छतागृह गाठेपर्यंत ती रोखता येत नसेल, तर तो घाईच्या मूत्रगळतीचा प्रकार होय. काही स्त्रियांमध्ये हे दोन्ही प्रकार एकत्र आढळतात. आधार सैल झाल्याने मूत्राशय, गर्भाशय किंवा गुदाशय योनीमार्गात उतरू लागतो, तेव्हा ‘अंग बाहेर येणे’ असे म्हटले जाते. याउलट, काही स्त्रियांचे हे स्नायू सतत आखडलेले असतात. त्यामुळे ओटीपोटात दुखणे, शौचास त्रास होणे किंवा शरीरसंबंधाच्या वेळी वेदना होणे अशा तक्रारी उद्भवतात.

उपचाराचा इतिहास आणि पुरावा

या स्नायूंच्या व्यायामाला शास्त्रीय बैठक देण्याचे श्रेय अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नल्ड केगल यांना दिले जाते. त्यांचा यासंबंधीचा लेख १९४८ साली प्रसिद्ध झाला. आकुंचनाचा जोर मोजून रुग्णेस दाखविणारे दाबमापक उपकरणही त्यांनी तयार केले होते. आज हे व्यायाम जगभर केगल यांच्याच नावाने ओळखले जातात. योगाभ्यासातील मूलबंधाशी त्यांचे बरेच साम्य आहे.

वैद्यकीय पुराव्यांचा साकल्याने आढावा घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१८ साली १४ देशांतील १,८१७ स्त्रियांवरील ३१ चाचण्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. ताणजन्य मूत्रगळती असणाऱ्या ज्या स्त्रियांनी हे व्यायाम केले, त्यांच्यापैकी ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. व्यायाम न करणाऱ्या गटात हे प्रमाण केवळ ६ टक्के होते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, अशा रुग्णांना प्रथम किमान ३ महिने तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्यायाम देण्यात यावेत. सौम्य स्वरूपात अंग उतरले असल्यास किमान १६ आठवड्यांच्या व्यायामाचा विचार करावा, असेही त्यात म्हटले आहे. अंग बरेच बाहेर आले असल्यास आधारासाठी योनीमार्गात रिंग बसविणे किंवा शस्त्रक्रिया हे पर्याय उपलब्ध असतात.

व्यायामाची पद्धत

वायू सरताना तो रोखावा, त्याच वेळी लघवीही थांबवावी, अशा रीतीने स्नायू आत आणि वर ओढून घ्यावेत. आकुंचन काही सेकंद टिकवून तितकाच वेळ स्नायू पूर्णपणे सैल सोडावेत. सुरुवातीस दोन-तीन सेकंदही पुरेसे असतात. सरावाने हा अवधी दहा सेकंदांपर्यंत नेता येतो. एका वेळी किमान ८ आकुंचने, दिवसातून ३ वेळा, असा सर्वसाधारण क्रम आहे. या वेळी श्वास रोखू नये आणि मांड्या, नितंब व पोट आवळू नये. प्रथम झोपून, नंतर बसून आणि शेवटी उभ्याने सराव करावा. खोकला किंवा शिंक येण्याच्या क्षणी, तसेच ओझे उचलण्यापूर्वी हे स्नायू आवळून धरण्याची सवय केल्यास गळती कमी होते. लघवी करता करता मध्येच धार थांबविण्याचा सराव मात्र करू नये. त्यामुळे मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची शक्यता असते.

केवळ तोंडी सूचना बहुधा पुरेशी ठरत नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात ४७ स्त्रियांना अशी थोडक्यात सूचना देण्यात आली. त्यांपैकी ४९ टक्के स्त्रियांनाच योग्य आकुंचन साधले, तर २५ टक्के स्त्रिया गळती वाढू शकेल अशा पद्धतीने जोर लावत असल्याचे आढळून आले. म्हणूनच भौतिकोपचार तज्ज्ञ रुग्णेची संमती घेऊन हातमोजा घातलेल्या बोटाने तपासणी करतात आणि स्नायूंची ताकद ० ते ५ या श्रेणीत नोंदवितात. तपासणीस नकार देण्याचा किंवा सोबत स्त्री असावी असा आग्रह धरण्याचा अधिकार रुग्णेस असतो. आकुंचन अजिबात जमत नसल्यास ते पडद्यावर दाखविणारे उपकरण किंवा सौम्य विद्युत उत्तेजन यांची मदत घेतली जाते.

घाईच्या मूत्रगळतीसाठी दोन वेळच्या लघवीतील अंतर हळूहळू वाढविण्याचे प्रशिक्षण किमान ६ आठवडे दिले जाते. स्नायू आखडलेले असल्यास प्रथम ते सैल करण्यास शिकविले जाते, कारण अशा वेळी आवळण्याचे व्यायाम केल्यास वेदना वाढू शकतात. त्यामुळे निदान झाल्याखेरीज व्यायाम सुरू करणे योग्य नव्हे. लघवीतून रक्त जाणे, लघवी अडणे, जळजळीसह ताप, रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव, जननेंद्रियांभोवती बधिरपणा किंवा पायांत अशक्तपणा आढळल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे.

भारतातील स्थिती

स्त्रियांचे आजार किती झाकलेले राहतात, याकडे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात केलेल्या अभ्यासाने जगाचे लक्ष वेधले. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९८९ साली तो प्रसिद्ध झाला. दोन गावांतील तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक एक किंवा अधिक विकार असल्याचे आढळले. मात्र पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हा अभ्यास श्रोणितलापुरता मर्यादित नसला, तरी दुखणे सोसत राहण्याची जी वृत्ती त्यातून दिसली, तीच या विकारांच्या उपचारांतही आड येते. गळतीच्या भीतीने अनेक स्त्रिया पाणी पिणे कमी करतात. त्यामुळे लघवी तीव्र होऊन मूत्राशयाचा दाह आणि बद्धकोष्ठ वाढू शकते. बाळंतपणानंतर पोट बांधण्याचा प्रघातही या स्नायूंना बळकटी देत नाही.

फ्रान्समध्ये प्रसूतीनंतर श्रोणितलाच्या पुनर्वसनाचा खर्च सार्वजनिक आरोग्य विम्यातून केला जातो. भारतात भौतिकोपचारासह अन्य आरोग्य व्यवसायांचे शिक्षण आणि सेवा यांच्या नियमनासाठी २०२१ साली राष्ट्रीय कायदा संमत झाला आहे. तथापि, तज्ज्ञ उपलब्ध असले तरी रुग्णेने तक्रार सांगितल्याशिवाय उपचार सुरू होऊ शकत नाहीत. प्रसूतीनंतरच्या तपासणीत डॉक्टर, परिचारिका किंवा आशा कार्यकर्तीने ‘खोकताना लघवी गळते का’ एवढे विचारले, तरी अनेक स्त्रियांना वर्षानुवर्षे न सांगितलेले दुखणे सांगण्याची वाट मोकळी होऊ शकते.